कारागृहातल्या बंद्यांना कर्जाबाबत सल्ला द्यायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

सोलापूरच्या जिल्हा कारागृहात असं काम करायचं तर आधी कोणते कायदे वाचावेत, असं तुम्ही विचारलंय. कायदे नंतर वाचा. आधी घरच्यांना खोटं बोलायचं थांबवायला सांगा.

माझा धाकटा भाऊ चौदा महिने कच्चा कैदी होता. घरी चार यंत्रमाग, त्यावर पतसंस्थेचं कर्ज, जामीनदार माझा नवरा. शिवाय एका सावकाराचे चाळीस हजार, महिना शेकडा दहाने. मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आतल्या माणसाला देण्याघेण्याचं सांगायचं नाही, जिवाचं बरंवाईट करून घेईल." माग आल्यावर आईने विड्या वळणं सोडलं होतं, ते परत सुरू केलं. कारागृहात भेटीला, म्हणजे मुलाखतीला, गेलं की मात्र दर वेळी "सगळं बरं आहे". सावकार दारात येऊन बसायचा, म्हणून पैसा आधी त्याला जायचा. पतसंस्थेची नोटीस आली ती थेट माझ्या नवऱ्याच्या नावाने. कर्जदार आत गेला म्हणून व्याज थांबत नाही, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

आठव्या महिन्यात मीच त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग बोटांवर हिशेब करायला लागला. "अक्का, भिंतीकडचे दोन माग विक, ते चालू आहेत. सावकाराला दमडी देऊ नको, त्याच्याकडे लायसन नाही." हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं! पण तोवर बिल थकून वीज तुटली होती. मुखत्यारपत्रावर, म्हणजे त्याच्या वतीने माग विकायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, त्याची सही मिळेपर्यंत आणखी दीड महिना गेला. शेवटी चारही माग भंगारवाल्याने किलोवर नेले.

म्हणून म्हणते, हिशेब आतल्या माणसाच्या डोक्यात असतो, तो पहिल्या महिन्यातच कागदावर घ्या. त्याने चेक दिलेत का ते खोदून विचारा. चेक वटला नाही तर नोटीस घरच्या पत्त्यावर येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधराच दिवस असतात. विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते, त्यासाठी २०१४ चा सावकारी कायदा आहे. तुम्हाला आत जायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

एक मात्र खरं, पहिले आठ-दहा दिवस माणूस भानावर नसतो, तेव्हा आकडे काढू नका. आणि मुलाखतीत मोठ्याने तर नकोच, शेजारचे ऐकत असतात. कागद वकिलाच्या हातून द्या.

मामा अजून म्हणतात, तू सांगितलंस म्हणून पोरगा खचला. सुटून आल्यावर तो त्यांना माझ्यासमोर म्हणाला, "मामा, आईच्या बोटांना तंबाखूचा रंग पहिल्याच महिन्यात दिसला होता मला."