नव्या केस वर्करसाठी

व्यसनमुक्ती केंद्रातून डिस्चार्ज मिळाला की आपलं खरं काम सुरू होतं. पहिले काही आठवडे फोनवर भागवू नकोस, घरी जा. आधार, रेशन कार्ड, पासबुक कुठे आहे ते विचार. तहसीलच्या रांगेत सोबत उभं राहिलं की माणूस मोकळा बोलतो, समुपदेशनाच्या खोलीत तेवढा नाही. त्यासाठी एका वेळी पंधरा-वीसच केसेस हव्यात. त्यापुढे नुसती रजिस्टरं भरली जातात.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथे शपथा-गंडे नकोत, डॉक्टरच हवा. घरच्यांना १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन लिहून दे. आणि तो पुन्हा प्यायला तर फाइल बंद करू नकोस. दुसऱ्या सकाळीच जा, बायकोशीही वेगळं बोल.