खेड्यातल्या बालवाडीत प्रकल्प घ्यायचे तर साहित्य कोणतं आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जूनपासून बालवाडी हाती घेतली आहे, तीन ते सहा वर्षांची लेकरं एकाच खोलीत बसतात आणि प्रकल्पांचा तयार संच मागवावा की नाही ते ठरत नाही. मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका खेड्यात बरीच वर्षं बालवाडी चालवते, त्या अनुभवावरून सांगते: संच आत्ता मागवू नका. मी पाहिलेल्या संचांमध्ये समुद्रातले प्राणी असतात, बर्फातलं अस्वल असतं. चित्रं देखणी असतात, पण आपल्या लेकराला त्यातलं काहीच हातात घेऊन बघता येत नाही. आपण दाखवायचं आणि त्यांनी रंगवायचं, एवढंच उरतं.

माझ्या लेखी प्रकल्पाची अट एकच. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर लेकराला स्वतः जाऊन, हात लावून, करून तपासता येईल. अमेरिकेत किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञांनी 1918 साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, म्हणून ही गोष्ट बाहेरून आली असं पुष्कळांना वाटतं. पण ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथं मांडला गेला. तीच नई तालीम. पुढे सेवाग्रामला लहानग्यांसाठी पूर्व-बुनियादी, म्हणजे त्याच विचाराची बालवाडीसुद्धा सुरू झाली. तुमच्या गावापासून हे काही लांब नाही.

आता पोळा तोंडावर आहे, तेव्हा तान्ह्या पोळ्यापासूनच सुरू करा. लेकरं लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट मागायला जातात, तेव्हा काहींचे बैल सरळ चालतात आणि काहींचे अडखळतात, कलंडतात. "तुहा बैल काहून पडते?" हा प्रश्न लेकरंच विचारतात, आपण तो धरून ठेवायचा. बाटल्यांची बुचं, जुन्या खेळण्यांची चाकं, पुठ्ठ्याचे गोल आणि चौकोनी तुकडे जमवा. एक फळी उतरती लावा. कोणतं चाक किती लांब गेलं ते खडूनं आखा आणि पावलांनी मोजा. चौकोनी चाक लावूनच बघायचा हट्ट एखादं लेकरू धरेल, त्याला लावू द्या. मग गावातल्या सुतारदादांना अर्ध्या तासासाठी बोलवा. आस आणि चाक यांत किती जागा ठेवायची हे ते जसं दाखवतील तसं मला किंवा तुम्हाला दाखवता येणार नाही. सगळ्यांचे बैल एकसारखे करून भिंतीला लावायच्या भानगडीत मात्र पडू नका.

खरा मोठा प्रकल्प कापसाचा. तो दसरा-दिवाळीला पहिला वेचा निघाला की सुरू करायचा, आणि माझ्याकडे तो संक्रांतीपर्यंत चालतो.

एक गोष्ट ठामपणे सांगते. फवारणीच्या दिवसांत लेकरांना पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या पिकात नेऊ नका. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते गावात कोणी विसरलेलं नाही. वेचलेला कापूस खोलीत आणायचा, तोही कोणाच्या वावरातला आणि शेवटची फवारणी कधी झाली हे विचारूनच. काम झालं की साबणानं हात धुवायचे. औषधाचे रिकामे डबे कितीही धुतलेले असले तरी बी ठेवायला, रंग कालवायला घेऊ नका.

सुरुवात सीतादहीपासून करता येते. पहिल्या वेचणीच्या आधी वावरात ती पूजा कशी होते, नैवेद्याला काय असतं, हे लेकरं घरून विचारून येतात. प्रत्येक घरचं थोडं वेगळं निघतं आणि मग आपसातच बोलणं सुरू होतं. पुढे न उमललेलं बोंड आणि उमललेलं बोंड शेजारी ठेवा. आत कप्पे किती, चार की पाच? लेकरं मोजतात, भांडतात, दुसरं बोंड मागतात. एखाद्या बोंडात गुलाबी अळी किंवा किडका, पिवळा पडलेला कापूस निघतो. तो फेकू नका, वेगळ्या टोपलीत ठेवा. घरी माय चांगला कापूस आणि कवडी, म्हणजे असा खराब कापूस, वेगळी करताना त्यांनी पाहिलेलं असतं. वर्गीकरण म्हणून पुस्तकात जे सांगतात, ते इथं त्यांना आधीच येतं.

नंतर सरकी, म्हणजे कापसातलं बी काढायची. बोटांनी रुई, म्हणजे नुसता तंतू ओढून बी मोकळी करायला वेळ लागतो, आणि पेन्सिल धरण्याआधी बोटांना जी ताकद लागते ती इथं येते. एका मुठीतली सगळी रुई एका बाजूला आणि त्यातलीच सगळी सरकी दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि विचारा: जड काय? ढीग मोठा म्हणून जवळजवळ सगळे रुईकडे बोट दाखवतात. मग काठी, सुतळी आणि दोन सारख्या झाकणांचा ताजवा करून तोलायचं. सरकीचं पारडं खाली जातं. (जिनिंगमध्ये 100 किलो कापसातून रुई साधारण 34-35 किलोच निघते, बाकी बहुतेक सरकी.) त्या क्षणी लेकरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. काहींना पटत नाही आणि ते पुन्हा पुन्हा तोलतात. त्यांना थांबवू नका. मोठं दिसतं ते जड असतंच असं नाही, हे पाच वर्षांच्या लेकरानं स्वतःच्या हातानं शोधून काढलेलं असतं.

एक दिवस आज्या बोलवा, वाती वळायला. कोणाच्या घरी टकळी, म्हणजे सूत कातायची चाती असेल तर सूतही काढून दाखवतील. धागा का तुटतो, पीळ जास्त दिला तर काय होतं, हे प्रश्न आपोआप येतात. ज्या आजीला शाळेचं तोंड बघायला मिळालं नाही, तिच्याभोवती सगळी खोली बसते. मला या प्रकल्पातला हा दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढच्या जूनमध्ये बालवाडीच्या अंगणात चार सरक्या टोबा. बाजारातलं बी औषध लावलेलं असतं, म्हणून ते तुम्ही स्वतः हातमोजे घालून लावा, किंवा कोणाच्या परसात देवकापूस असेल तर त्याचं बी मागा. अंगणात पऱ्हाटीचं झाड असलं की एक सुंदर गोष्ट बघायला मिळते: सकाळी पांढरट उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. फुलाला रंगीत दोरा बांधून ठेवा, नाहीतर रात्री कोणीतरी फूल बदललं यावर लेकरं ठाम राहतात.

वेचणीच्या दिवसांत हजेरी घटणार, हे धरून चला. आया लेकरांना घेऊन वावरात जातात. कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती, शिक्षकच कुरणावर जायचे. आपल्याला तेवढं जमलं नाही तरी गैरहजर लेकराला एक काम देता येतं: मायनं आज किती ओळी वेचल्या तेवढ्या काड्या जमवून आण. दोन दिवसांनी ते लेकरू मुठीत काड्या घेऊन येतं आणि तेही प्रकल्पात सामील असतं.

पालक विचारतील, एबीसीडी कधी? त्यांना उपदेश करू नका, खोलीत बोलवा. लेकरांनी काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून मोठ्या कागदावर लिहीत जा आणि शेजारी त्यांची चित्रं लावा. 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, हेही सांगता येईल. पण बापाला आपल्या पोराचं वाक्य भिंतीवर दिसलं की त्याचा जास्त उपयोग होतो.

साहित्याचं म्हणाल तर ताजवा, दोरा, खडू, मोठे कागद, टोपल्या आणि एक भिंग एवढं पुरतं. भिंग मात्र चांगलं घ्या. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळण्यांच्या चित्रफिती आणि मराठी पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा कामी येतात. जादुई पिटारा ही सरकारी खेळसाहित्याची पेटी 2023 मध्ये आली, ती तुमच्याकडे पोचली असेल तर त्यातल्या बाहुल्या वापरा. बिया जमवताना गुंज, एरंडी आणि धोतरा टाळा, तिन्ही विषारी आहेत. तीन वर्षांच्या लेकरांजवळ चिंचोके-सरकी आपण समोर असतानाच द्यायची, ती नाकात घालतात.

तुमच्याकडे कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी लेकरं असतील. ती सुरुवातीला गप्प बसतात आणि त्यांना काही येत नाही असा समज होतो. बोंड, सरकी, बैल, चाक यांना घरी काय म्हणतात ते त्यांना विचारा आणि ते शब्द मराठी शब्दाच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. उच्चार जमला नाही तर त्या लेकराकडून म्हणवून घ्या, सगळ्या खोलीसमोर.