जाम झालेले इंजिन खोलण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या विहिरीवर ५ अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे, पाण्यावर थंड होणारे जुने डिझेल इंजिन आहे. विजेची मोटार बसवल्यापासून ते शेडमध्ये पडून आहे. आता आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीचीच मिळते, म्हणून ते पुन्हा चालू करण्याचा विचार आहे. मात्र सहा वर्षांनी हँडल लावले तर चाक बोटभर हलते आणि अडते. लायनर, पिस्टन, रिंगा सगळेच बदलावे लागेल, असे मिस्त्री म्हणतात. हा खर्च करावा का?
– एक वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : इतक्यात करू नये. इंजिन जाम होणे वेगळे आणि झिजणे वेगळे. बंद इंजिनात सायलेन्सरच्या तोंडातून पावसाचे पाणी आणि दमट हवा शिरते, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवाटे ती सिलिंडरमध्ये उतरते आणि पिस्टनवरच्या रिंगा गंजाने लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला, धरून बसतात. सहा वर्षांपूर्वी इंजिन ठीक चालत असेल, तर आतली झीज तेव्हा होती तेवढीच आज आहे. वाढला आहे तो गंज.

प्रथम डिकम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) उचलून चाक फिरवून पाहावे. तरीही अडत असेल तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑईल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण आत सोडावे आणि तीन-चार दिवस, रोज थोडी भर घालत, तसेच राहू द्यावे. त्यानंतर चाक हाताने मागे-पुढे डोलवत राहावे. हँडलला पाईप अडकवून जोर मात्र लावू नये, कारण त्याने रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरते. चाक सुटले की नोझलच्या भोकासमोर तोंड नेऊ नये. आत साठलेले पाणी आणि तेल तिथून पिचकारीसारखे उडते.

चेंबरमधले (इंजिनाच्या तळातले) ऑईल पूर्ण बदलावे, कारण वर ओतलेले डिझेल रिंगांवरून खाली उतरलेले असते. डिझेलची टाकी धुऊन, फिल्टर बदलून आणि नळीतली हवा काढूनच इंजिन सुरू करावे. हँडल मारताना अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सहज सुटते.

इंजिन उचलत नसेल किंवा ताकद कमी वाटत असेल, तर ते बंद असताना लिव्हर खाली ठेवून चाक सावकाश दाबावर आणावे आणि कान द्यावा. हवेची सुरसुर एअर क्लीनरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो आहे, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. या दोन्हींत व्हॉल्व्ह घासून घेतले की पुष्कळदा काम भागते. चेंबरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, सुरसुर आली तरच रिंगांचा संशय घ्यावा.

तसे झाले आणि हेड उघडून पिस्टन काढावा लागला, तर एक नवी रिंग आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) जवळ ठेवावा. रिंग लायनरच्या अगदी तळाशी, जिथे पिस्टनची रिंग पोहोचत नाही तिथे, सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजावी. मग तीच रिंग वर, जिथे बोटाला कंगोरा लागतो त्याच्या जरा खाली, बसवून फट पुन्हा मोजावी. दोन्ही फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यास किती वाढला ते कळते. उदाहरणार्थ, फट ०.३ मिमीची ०.६ झाली, तर व्यास साधारण ०.१ मिमी वाढला; अशा लायनरमध्ये ओरखडे किंवा गंजाचे खड्डे नसतील तर फक्त रिंगा बदलून पुष्कळ दिवस जातात. फरकच ०.६ मिमीच्या पुढे गेला, तर लायनर-पिस्टनचा संच घेणे योग्य. मिस्त्रींवर अविश्वास दाखवावा असे नाही, पण उघडलेल्या इंजिनात सगळेच नवे टाकणे हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत कमी तक्रारीचे काम असते.

प्रश्न : नव्या रिंगा टाकूनही आमचे इंजिन निळा धूर सोडते. काय चुकले असेल?
– एक वाचक, जि. जालना

उत्तर : निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. नव्या रिंगा लायनरशी जुळायला इंजिनावर भार लागतो. म्हणून ते नुसते मोकळे न चालवता पंप जोडून पाणी उपसत चालवावे. काही दिवसांनीही धूर तसाच राहिला, तर पिस्टन काढून रिंगांवरची खूण पाहावी. 'टॉप' असे कोरलेली बाजू वरच्या अंगाला हवी. ती खाली गेली असेल, तर तीच रिंग ऑईल खाली ओढण्याऐवजी वर ढकलत राहते.