‘लेजेंड’च्या पुढचं रेगे

‘लेजेंड’ खूप आवडला, पण त्यानंतर लावलेलं सगळं रेगे, म्हणजे जमैकातलं हे संगीत, एकसारखंच वाटलं, मग थोर मानले जाणारे अल्बम कुठले आणि त्यांत एवढं काय आहे, असा तुमचा प्रश्न आहे.

एक तर ‘लेजेंड’ हा मुळात अल्बम नव्हे. जमैकाचा गायक बॉब मार्ली गेल्यावर 1984 मध्ये निघालेला तो निवडक गाण्यांचा संच, तोही कुणाला टोचणार नाही अशा बेताने निवडलेला. दुसरं म्हणजे, फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर अर्धं गाणं तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही. रेगेत गाण्याची खरी चाल बऱ्याचदा बास गिटारकडे असते. बरा हेडफोन लावा आणि पहिल्यांदा गायकाकडे चक्क दुर्लक्ष करा.

सुरुवात वेलर्स या मार्लीच्या बँडच्या ‘कॅच अ फायर’ने (1973) करा. कार्लटन बॅरेटचे ड्रम नीट ऐका. चारातली पहिली मात्रा तो मोकळी सोडतो आणि तिसरीवर वजन टाकतो. समेवर थाप ऐकायला सोकावलेला आपला कान तिथे अडखळतो, आणि नेमक्या त्या जागेत भाऊ ॲस्टन बॅरेटचा बास फिरत असतो. मूळ ध्वनिमुद्रण किंग्स्टनचं. आयलंड या रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलने लंडनमध्ये त्यावर वेन पर्किन्स या अमेरिकन वादकाची गिटार आणि जॉन बंड्रिकचे कीबोर्ड चढवले, रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या श्रोत्याला गोडी लागावी म्हणून. जमैकात झालेलं मूळ रूप 2001 च्या आवृत्तीत मिळतं. ‘काँक्रीट जंगल’ दोन्हींत पाठोपाठ ऐका. लंडनच्या रूपातली गिटार सुंदरच आहे, पण मला विचाराल तर मूळ जास्त करकरीत आहे.

अशीच ओढाताण बर्निंग स्पिअरच्या ‘मार्कस गार्वी’च्या (1975) वाट्याला आली. बर्निंग स्पिअरचा गायक विन्स्टन रॉडनी हा जमैकातल्या सेंट ॲन परगण्यातला. अल्बमला ज्याचं नाव आहे तो कृष्णवर्णीयांचा नेता गार्वी आणि मार्लीही तिथलेच. गुलामीचे दिवस आठवतात का, हा एकच प्रश्न तो जप केल्यासारखा विचारत राहतो. मागे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा ताफा आहे, पण मिरवणारा नाही, कण्हणारा. आयलंडने मिक्स, म्हणजे वाद्यांचा आणि आवाजांचा मेळ, सौम्य केला आणि रॉडनीला ते अजिबात पटलं नाही.

आता माझा सगळ्यात लाडका, काँगोज या गायक-गटाचा ‘हार्ट ऑफ द काँगोज’ (1977). त्याचा निर्माता ली ‘स्क्रॅच’ पेरी याच्या घरामागे ब्लॅक आर्क नावाचा छोटा स्टुडिओ होता. यंत्र फक्त चार ट्रॅकचं, म्हणजे चारच वेगळे आवाज साठवणारं. तीन-चार ट्रॅक भरले की ते एकात उतरवायचे, जागा मोकळी करायची आणि पुन्हा भरायचे. दर फेरीत आवाज थोडा धुरकट होत जातो, आणि पेरीने त्या धुराचाच रंग केला. ‘फिशरमन’ लावा. सेड्रिक मायटनचा उंच, बारीक आवाज वर, रॉयडेल जॉन्सनचा मधे, वॉटी बर्नेटचा खाली, आणि भोवती पाण्यातून आल्यासारखे झांजांचे आवाज. अल्बममध्ये मधूनच गाय हंबरल्यासारखंही ऐकू येतं, दचकू नका. आयलंडने हा अल्बम काढलाच नाही. जमैकाबाहेर बहुतेकांच्या कानावर तो नीट पडला तो 1996 मध्ये, ब्लड अँड फायर या इंग्लिश कंपनीने पुन्हा काढल्यावर.

‘सगळं सारखंच’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे. जमैकात एकाच रिडिमवर, म्हणजे त्याच बास आणि ड्रमवर, अनेक जण गायचे. वेगळेपण यायचं ते मिक्स करणाऱ्याच्या हातात. ऑगस्टस पाब्लोचा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (1976) त्यासाठी ऐका. किंग टबी हा विजेची उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. मिक्सिंगच्या टेबलावर तो एकेक वाद्य काढून घेतो आणि भलत्याच ठिकाणी परत सोडतो. शीर्षकगीत म्हणजे मुळात जेकब मिलरचं प्रेमगीत. इथे त्याचे शब्द तुकड्यातुकड्यांनी वर येतात आणि प्रतिध्वनीत विरतात. पाब्लो वाजवतो ती मेलोडिका, फुंकून वाजवायची छोटी पेटी. शाळकरी वाद्य, पण त्याच्या तोंडी अगदी उदास होतं.

मार्लीचा ‘एक्सोडस’ (1977) ‘टाइम’ या नियतकालिकाने 1999 मध्ये शतकातला सर्वोत्तम अल्बम ठरवला. डिसेंबर 1976 मध्ये किंग्स्टनमधल्या घरी त्याच्यावर गोळीबार झाला, तो लंडनला गेला आणि तिथे हे ध्वनिमुद्रण झालं. पहिली बाजू जबरदस्त आहे, दुसरी मला जरा गुळमट वाटते. त्यापेक्षा त्याच वर्षीचा कल्चर या गटाचा ‘टू सेव्हन्स क्लॅश’ मी आधी लावेन. 7-7-77 ला काहीतरी अघटित घडणार, या भाकितावरचं त्याचं शीर्षकगीत इतकं गाजलं की त्या दिवशी किंग्स्टनमध्ये बरेच लोक घराबाहेर पडले नाहीत, असं सांगतात.

वेलर्समधून बाहेर पडलेल्या दोघांचेही अल्बम ऐकायचे राहू देऊ नका: पीटर टॉशचा ‘इक्वल राइट्स’ (1977) आणि बनी वेलरचा ‘ब्लॅकहार्ट मॅन’ (1976). आधी बनीचा लावा.