शेफील्डच्या चिकणमातीत होम ओक लावायचा असेल तर

तुमचे तीन प्रश्न आहेत: उत्तर इंग्लंडमधल्या शेफील्डच्या थंडीत होम ओक, म्हणजे सदाहरित ओक, जगेल का, नर्सरीतलं तीन मीटर उंचीचं झाड घ्यावं का, आणि मे महिन्यात शेजाऱ्यांच्या होम ओकची पानं पिवळी पडून गळतायत, ते झाड मरतंय का? शेवटचा आधी घेतो, कारण याच भीतीने लोक चांगली झाडं तोडून टाकतात.

ते झाड मरत नाहीये. आपल्याकडे पिंपळ जसा जुनी पानं टाकून कोवळी पालवी घेतो, तसंच हे झाड मे-जूनमध्ये जुनी पानं उतरवतं. फक्त नवी पालवी त्याच सुमारास फुटत असल्यामुळे ते सहसा पूर्ण उघडं पडत नाही. फांद्यांच्या टोकांना पांढरट लव असलेली पालवी दिसली की निर्धास्त राहा. पानं चिवट असतात, लवकर कुजत नाहीत, म्हणून हिरवळीवरची मात्र झाडून काढा. पानांवरचे तपकिरी डाग बहुधा पान पोखरणाऱ्या अळीचे असतात; दिसतात वाईट, पण झाडाला फारसा त्रास नसतो.

आता थंडी. हे भूमध्य सागराकाठचं झाड सोळाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये आहे आणि दक्षिण किनाऱ्यावर तर नको इतकं माजलंय. आइल ऑफ वाइट बेटावर व्हेंटनरच्या टेकड्यांवर त्याला आवर घालायला नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेने 1993 मध्ये बकऱ्या सोडल्या! मुरलेलं झाड उणे दहा अंशांची थंडी सहज काढतं. जास्त कडाक्यात पानं करपतात, पण मोठं झाड बहुतेक वेळा पुन्हा फुटतं. धोका असतो तो लहान रोपाला, आणि तोही नुसत्या थंडीचा नाही. जमीन गोठलेली असताना कोरडा पूर्वेचा वारा सुटला की पानांतून पाणी उडत राहतं आणि मुळांना ते भरून काढता येत नाही. त्यातून मुळं हिवाळाभर साचलेल्या पाण्यात असतील तर रोप आधीच कमजोर झालेलं असतं. म्हणून पहिले काही हिवाळे वाऱ्याच्या बाजूला जाळीचा आडोसा ठेवा.

चिकणमातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत कंपोस्ट भरू नका, त्याची टाकी होते आणि पाणी आत साचतं. खड्डा रुंद, उथळ ठेवा, त्याचीच माती परत भरा आणि रोप थोडं उंचवट्यावर बसवा. बुंध्याभोवतीची माती तुडवली जाऊ देऊ नका. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातल्या टर्नर्स ओकची (हा होम ओकचाच एक संकर) गोष्ट मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर 1987 च्या वादळाने तो जुना वृक्ष मुळांसकट उचलून पुन्हा जागेवर बसवला. वादळाआधी तो खंगत चालला होता, नंतर काही वर्षांत जोमाने वाढू लागला. पायांनी दाबली गेलेली माती मोकळी झाली, मुळांना हवा मिळाली. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांभोवतीची माती मुद्दाम मोकळी करू लागले.

तीन मीटरचं झाड घेऊ नका. होम ओकचं सोटमूळ खोल जातं, त्याला जागा बदललेली आवडत नाही. कुंडीतलं गुडघाभर रोप घ्या, मुळं आत गोल फिरलेली नाहीत ना ते पाहून. लावायला एप्रिल-मे बरा, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील. पहिला उन्हाळा पाणी द्यायला विसरू नका. बियांपासून करायचं असेल तर शरद ऋतूत इथल्याच झाडाखालची ताजी फळं वेचा, पाण्यात बुडणारी तेवढी ठेवा आणि लगेच खोल कुंडीत पेरा. वाळली की उगवत नाहीत. वर तारेची जाळी हवीच, नाहीतर खारी आणि उंदीर सगळं फस्त करतील. स्पेनहून बॅगेत घालून मात्र काही आणू नका. ओकची पानं फस्त करणाऱ्या प्रोसेशनरी मॉथ या पतंगाच्या अळ्या आयात झाडांबरोबरच इथे आल्या आणि 2006 मध्ये लंडनमध्ये सापडल्या.

राहिला जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच तुमच्यासाठी निर्णायक आहे. मोकळं सोडलं तर हे झाड 20 मीटरपर्यंत जातं, पसरतंही तितकंच. चिकणमातीत घराच्या पायाजवळ असा वृक्ष मी लावू देणार नाही. तुमची बाग बारा मीटर रुंद आहे, तेव्हा होम ओकचंच कुंपण करा: अर्ध्या मीटरवर एक रोप आणि उन्हाळ्याच्या अखेरीस दरवर्षी छाटणी. छाटणी हे झाड उत्तम सोसतं.