गोष्टीतली पात्रं एखाद्या समांतर विश्वात खरोखर असतील का?

नाही. आणि 'विश्वं अनंत आहेत म्हणजे कुठंतरी सगळंच असणार' म्हणणाऱ्यांनी २, ४, ६, ८ मोजत बसावं, संपणार नाहीत, पण त्यात ३ सापडला तर मला सांगा.

हा प्रश्न मला जरा झोंबला. औसा तालुक्यात आमचं माळवदाचं घर होतं, भिंतीत ज्वारी साठवायचं बळद. आजी सांगायची की त्यात वीतभर उंचीचा भिकोबा राहतो, भिंतीतून आरपार जातो, रात्री दाणे मोजतो आणि ज्या लेकरानं ताटात भाकर टाकली त्याच्या नावावर उधारी मांडतो. मी बळदाच्या तोंडाशी गुळाचा खडा ठेवायचो, सकाळी गायब (उंदीर असतील, नाहीतर आजीच). मग ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे ३:५६ ला भूकंप. आमची माणसं वाचली, किल्लारीकडं काय झालं ते इथं परत लिहीत नाही. बळदाची भिंत पडली, ज्वारी दगडमातीत मिसळून पार अंगणापर्यंत आलेली आणि मी नऊ वर्षांचा, दोन्ही हातानं ती उकरत बसलेलो, भिकोबा दबला असंल म्हणून. चुलतभाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, सगळ्यांसमोर हसला. "येडा झाला का रे, आजीनं थाप मारलीय."

आता तोच दादा पुण्यात बसून घरच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवायलाय, क्वांटमप्रमाणं सगळं कुठंतरी खरं असतं म्हणे, आणि खाली लिहितो, 'म्हणजे तुझा भिकोबा पण आहे बघ.'

अरे, ह्यू एव्हरेट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९५७ साली मांडलं ते एवढंच की मोजमापाचे जे निकाल शक्य आहेत ते सगळेच घडतात, वेगवेगळ्या फांद्यांवर, म्हणजे वेगवेगळ्या जगांत. पण नियम सगळीकडं तेच, मनाला आलं ते घडत नाही. (टनेलिंगवाले येतीलच, म्हणजे इलेक्ट्रॉन अडथळ्यातून आरपार जातो असं सांगणारे, पण इलेक्ट्रॉन वेगळा आणि वीतभर माणूस वेगळा.) डेव्हिड लुईस नावाचा तत्त्वज्ञ म्हणायचा की शक्य असलेलं प्रत्येक जग आपल्याइतकंच खरं आहे, पण तिकडून इकडं काहीच येत-जात नाही, मग माझ्या गुळाचं काय? आणि सॉल क्रिपकी या दुसऱ्या तत्त्वज्ञाचा मुद्दा मला सगळ्यात पटतो, गोष्टीशी तंतोतंत जुळणारा कुणी सापडला तरी तो ते पात्र ठरत नाही. भूकंप झालाच नाही अशी फांदी धरली तरी तिथली आजी पण लेकरांनी भाकर टाकू नये म्हणून भिकोबा रचूनच सांगत असणार की!

तेव्हा दादाचं १९९३ चं म्हणणं बरोबर होतं आणि आजचं चूक, हसला तेवढं मात्र तेव्हाही चूकच. तुमच्या घरात लेकरं असतील तर त्यांना हसू नका.

बाकी मी फिजिक्सवाला नाही, बीएस्सी करून खत-बियाणांचं दुकान चालवतो. एव्हरेटचं म्हणणं प्रयोगानं सिद्ध झालेलं नाही, बऱ्याच शास्त्रज्ञांना ते मान्य पण नाही, हे आधीच लिहायला पाहिजे होतं.

पत्र्याच्या शेडमधे आल्यावर मी आजीला विचारलं होतं, भिकोबा कुठं गेला. ती चूल पेटवत होती, मान वर न करता म्हणली, "मोजलेली जवारी सांडली म्हणून रुसलाय. नवी कणगी आली की येतंय."