पत्र्याची सावली, कडुनिंबाची सावली

प्रश्न : आमच्या चौकातले कडुनिंबाचे जुने झाड रस्तारुंदीकरणात गेले आणि तिथे पोलादी पत्र्याचा नवा बसथांबा आला. मे महिन्यात मोबाइलवर 43 अंश दिसत असतानाही झाडाखाली अर्धा तास बसची वाट पाहता येत असे. आता तेवढ्याच तापमानाला थांब्याखाली पाच मिनिटांत डोके भणभणते. हा भास आहे की खरा फरक?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : फरक खरा आहे. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो, त्यामुळे तो मोजतो ते हवेचे, आणि तेही सावलीतले, तापमान. माणसाच्या अंगाला मात्र हवेखेरीज भोवतालच्या प्रत्येक तापलेल्या वस्तूची धग सोसावी लागते. भर दुपारी थांब्याच्या पत्र्याखाली हात उंचावून धरा. पत्र्याला न टेकताही तळव्याला धग जाणवेल. तीच धग खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर आणि खांद्यांवर उतरत राहते, आणि कडेला ऊन खात पडलेले सिमेंटचे गट्टू तिच्यात भर घालतात. कडुनिंबाची पाने मुळांनी ओढलेले पाणी वाफेच्या रूपाने सोडत असल्यामुळे उन्हातही फारशी तापत नाहीत. तज्ज्ञ ही धग काळा रंग दिलेल्या तांब्याच्या पोकळ गोळ्यात तापमापक ठेवून मोजतात. थांबे उभारण्यापूर्वी आपल्या महापालिकांनीही असे मोजमाप करायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून तापली की वारा अंगाची उष्णता नेण्याऐवजी वाढवतो, आणि शरीराला घाम वाळण्याचाच आधार उरतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम लवकर वाळतो, किनाऱ्यावर तो अंगावरच राहतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा त्या भागातले तापमान 40 अंशांच्या आतच होते; पण डोक्यावर छप्पर नव्हते आणि हवा दमट होती. उन्हाळे अधिकाधिक कडक होत असताना सावलीला शोभेची वस्तू मानणे आता परवडणारे नाही.

आता तुमच्या चौकाविषयी. छताला वरून पांढरा रंग द्यावा आणि खाली दुसरे अस्तर घालून मधली फट वाऱ्याला मोकळी ठेवावी, अशी लेखी मागणी करा. मे महिन्यात नागपूरला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण तिसऱ्या प्रहरानंतरचे तिरपे ऊन पश्चिमेकडून छपराखाली शिरते. म्हणून त्या बाजूला कडुनिंबाचे रोप लावून घ्या. बुंध्याभोवतीचे आळे मातीचेच राहू द्या, कारण गट्टू बुंध्याला भिडले की मुळांपर्यंत पाणी पोहोचत नाही आणि पाण्यावाचून झाडाची सावली गार राहत नाही. चौकात आणखी जुनी झाडे असतील, तर 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार शहरातले झाड तोडण्यापूर्वी नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात, हे ध्यानात ठेवा आणि हरकत मुदतीत नोंदवा. नवे रोप डोक्यावर सावली धरेपर्यंत काही वर्षे जातील. तोवर, सिग्नलवर बांधतात तशी हिरवी जाळी थांब्याच्या पश्चिमेला बांधून घ्या.